नाकानं विमान चालवणारा माणूस

आमचे कॅप्टन कॉकपिटमध्ये शिरले की लगेच बसत नसत. टोपी काखेत धरून दारातच उभे राहायचे, मान जराशी वर करायचे आणि दोन-तीन लांब श्वास नाकानं आत ओढायचे. मग सीटच्या मागे वाकून हुंगायचे, पॅनेलच्या कडेला हुंगायचे. मागे प्रवासी चढतायत, बॅगा कोंबतायत, आणि इकडे अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मांजरासारखा कोपरे हुंगत फिरतोय. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर उडाले तेव्हा मनात म्हटलं, कर्म माझं, आज नेमकी कोणाच्या हाती सापडले!

"विमानालाही घरासारखा वास असतो, बाय," ते म्हणाले. "परक्याच्या घरात पाऊल टाकलं तरी कळतं ना, आज मासे झालेत का भांडण झालंय?"

मला नाही कळत. माझ्या स्वतःच्या घरात भांडण झालं तर मला ते दुसऱ्या दिवशी कळतं. पण मी 'हो सर' म्हटलं, कारण मी को-पायलट होते आणि को-पायलटचा अर्धा पगार 'हो सर' म्हणण्याचाच असतो. पाठीमागे सगळे त्यांना 'हुंग्या' म्हणत. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

सर जव्हार तालुक्यातल्या साखरशेतचे. घरची भात-नाचणीची शेती. त्यांच्याकडे पेरणीआधी राब भाजतात. म्हणजे रोपं करायच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या, गवत असे थर लावायचे आणि ते सावकाश जाळायचे. लहानपणी सरांना त्या राबावर राखणीला बसवत. आग बांधावरच्या सुक्या गवताला लागली तर डोंगर पेटायचा. वडिलांनी शिकवलं होतं की जाळाकडे बघत बसायचं नाही, डोळे चुरचुरतात आणि नुसती झोप येते. पाठ करून बसायचं आणि वास घ्यायचा. शेणाचा धूर जड असतो, पाल्याचा कडवट असतो, गवताचा एकदम हलका आणि तिखट. तिखट वास आला की उठून पळायचं.

"धूर दिसला म्हणजे उशीर झाला," हे त्यांचं पालुपद होतं. चहा पिताना, टॅक्सीत, विमान रांगेत उभं असताना, कुठेही. मी ते शंभरदा तरी ऐकलं असेल, आणि शंभरही वेळा मान डोलावली.

त्यांच्या कॉकपिटमध्ये अत्तर चालत नसे, सेंट चालत नसे, वासाचं तेलही चालत नसे. एकदा मी केसांना मोगऱ्याचं काहीतरी लावून गेले तर म्हणाले, "आज तू एकटीच उडते आहेस का मोगराही येतोय?" दोन्ही पायलटांनी एकच जेवण जेवायचं नाही असा आमच्यात नियम असतो, अन्न बाधलं तर दोघांना एकदम बाधू नये म्हणून. सर म्हणायचे, हा नियम माझ्यासाठीच केलाय. डब्यातून नाचणीची भाकरी आणि उडदाचं घट्ट वरण काढायचे आणि कंपनीचा तो गार पास्ता माझ्याकडे सरकवायचे. मुंबईहून उत्तरेकडे निघालो की मराठीतून घोषणा ठरलेली. "आपल्या उजव्या हाताला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत. ढगांमुळे दिसत नाहीत, पण आहेत." प्रवासी घोरत असायचे. सर समाधानानं माइक ठेवायचे.

आणि परगावी मुक्कामाला गेलो की हॉटेलच्या खोलीत त्यांचा जीव घुसमटायचा, कारण असल्या हॉटेलांच्या खिडक्या उघडत नाहीत. मग गंजी आणि लेंगा घालून ते हॉटेलबाहेरच्या कठड्यावर ड्रायव्हर लोकांत जाऊन बसत. दरवानानं एकदा त्यांना हाकललंही. सर गुपचूप उठले आणि चार पावलं पलीकडे जाऊन बसले.

त्या नाकाचं नाव झालं ते एका कॉफीमुळे. एकदा विमान सुटायच्या आधीच ते अडून बसले. म्हणे हळद करपल्यासारखा वास येतोय, विमान हलणार नाही. इंजिनिअर वैतागला. "सर, विमानात हळद कोण घालतंय?" पण शोधल्यावर कॉफीच्या यंत्रामागच्या वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या सापडल्या. कंपनीनं तेव्हा पाठ थोपटली. पुढच्याच महिन्यात त्यांनी पुन्हा एक विमान पाऊण तास अडवलं. म्हणे काहीतरी कुजतंय. सगळं उचकटलं, आणि शेवटी सापडला त्याच इंजिनिअरचा डबा, सुकटीचा, उन्हात तापलेला. सगळ्या विमानतळावर हसू झालं. "सुकट मला कळायला हवी होती," सर दिवसभर म्हणत होते. "जव्हारच्या बाजारात वाढलो मी. सुकट कळली नाही म्हणजे काय!" ती सुकट पुढे त्यांच्या कागदांत गेली. मला त्याची अजून चीड येते.

आता त्या दिवसाचं सांगते. सांगायचं म्हटलं की मला आधी थकवाच येतो.

मला सर्दी झाली होती. साधी सर्दी नव्हे, दोन्ही नाकपुड्या गच्च. आमच्यात अशा सर्दीत उडायचं नसतं. 'मी आजारी आहे' असं कळवून घरी बसायचं, हा नियम मला पाठ होता. पण मुलगी तापात होती म्हणून त्या महिन्यात मी दोनदा सुट्टी घेतली होती, आणि ड्यूट्या लावणाऱ्या माणसाचा फोनवरचा आवाज मला तिसऱ्यांदा ऐकवेना. शिवाय कॅप्टन होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. मी गोळी घेतली, नाकात थेंब घातले आणि गेले. ड्यूटीच्या खोलीत सरांनी विचारलं, "बाय, सर्दी आहे का?"

"नाही सर. धूळ."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि कागद पुढे ओढले.

टळटळीत दुपार होती. उड्डाण झालं, चढत होतो, आणि कॅबिनमध्ये हवा खेळवणाऱ्या यंत्रणेचा इशारा लागला. चार-पाच सेकंद राहिला आणि विझला. मी तो मोठ्यानं वाचला.  सरांनी मान वर केली.

"भिजलेल्या मोज्यांचा वास," ते म्हणाले. "तेल आहे हे. इंजिनाचं तेल हवेत येतंय. मास्क लाव!"

मी मास्क लावला. त्यांनीही लावला. इशारा पुन्हा लागला आणि पुन्हा विझला. मागे कॅबिन सांभाळणाऱ्या पर्सर मुलीला फोन केला तर ती म्हणाली, डोकं जड झालंय सर, पण वास-बिस काही नाही, ओव्हनचं असेल. चेकलिस्ट काढली, रेडिओवरून मेडेचा, म्हणजे संकटाचा संदेश दिला, मुंबईकडे वळलो. आणि तेवढ्यात त्या माणसानं करू नये ते केलं. मास्क काढून हुंगलं. वास वाढतोय की कमी होतोय, कुठल्या बाजूच्या हवेबरोबर येतोय, हे त्यांना कळायला हवं होतं. मी ओरडले, "सर, मास्क!" त्यांनी लावला. आणि एका बाजूच्या इंजिनाची हवा बंद केल्यावर पुन्हा काढला. राबावर बसलेलं पोर नाक झाकून बसेल होय? ते नाक झाकणं त्यांच्या अंगातच नव्हतं.

मग म्हणाले, "बाय, तू उतरव. माझे हात जड झालेत."

मी उतरवलं. बऱ्यापैकी गुळगुळीत उतरवलं. खाली आल्याबरोबर डॉक्टरनं आमच्या दोघांच्या श्वासाची दारूची तपासणी केली, नियमच आहे तो. दोघांचंही शून्य. रक्त मात्र कोणी घेतलं नाही, तेलाची बाधा कळली असती तर त्यातच. सरांचे हात पुढे आठवडाभर थरथरत होते. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे.

इंजिनिअर लोकांनी दोन दिवस इंजिनं चालवून पाहिली. दोष आढळला नाही. तो इशारा नोंदीत होता, पण सेन्सरची उचकी म्हणून सोडून दिला. चौकशीला टेबलामागे तीन जण बसले होते, तिघेही सभ्य. मधल्यानं मला विचारलं, "तुम्हाला वास आला का?"

"नाही," मी म्हटलं.

खरंच नव्हता आला. माझ्या नाकाशी कोणी शेणाचा पो आणून धरला असता तरी आला नसता. पण ते मी बोलले नाही. एवढं एकच वाक्य, 'मला सर्दी होती', आणि मी ते गिळलं. पुढ्यात सर बसले होते. त्यांनीही काही म्हटलं नाही.

बस, ठरलं मग. दोन पायलट, एकाला वास आला, एकीला नाही. ज्याला आला त्यानं मास्क दोनदा काढला, म्हणजे त्याचाच त्यावर विश्वास नव्हता. शिवाय सुकटीचं प्रकरण होतंच. सरांपुढे कागद ठेवला की 'वास हा भास असण्याची शक्यता मी मान्य करतो', सही करा आणि महिन्यानं उडायला लागा. सर म्हणाले, "आला तो आला. माझ्या सहीनं जायचा असता तर तिथेच केली असती." सही केली नाही. त्यांना घरी पाठवलं. पत्रात लिहिलं होतं की घटनेच्या वेळी कॅप्टनची निर्णयक्षमता शाबूत होती असे म्हणता येत नाही. मला संयमी कामगिरीबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं आणि सहा महिन्यांत मी कॅप्टन झाले. ती चौथी पट्टी खांद्यावर लावताना नवऱ्यानं फोटो काढला. त्यात मी हसतेय. त्या फोटोचा मला वीट आलाय.

दोन वर्षं गेली. मे महिन्यात सरांचा फोन आला. या माणसानं कधी कोणाला फोन केला नव्हता.

"बाय, आम्ही राब भाजतोय. येतेस का बघायला?"

राब बघायला कोणी ठाण्याहून जव्हारला जात नाही, हे मलाही कळत होतं. मी सकाळी निघाले. जव्हार आलं तशी रस्त्यावर शिरपामाळची पाटी दिसली, पर्यटकांच्या दोन गाड्या तिकडे वळल्या, मी साखरशेतला वळले. सर फाट्यावर उभे होते. डोक्याला टॉवेल, पायात रबरी चपला, पोटऱ्यांवर राख. वाळले होते. शेतात राब सावकाश धुमसत होता आणि ते सवयीनं त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"एक काम आहे," ते म्हणाले. "दादाला एवढंच सांग की मी त्या दिवशी प्यायलो नव्हतो."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. वडील लवकर गेले आणि गुरुजींनी सरांना वाढवलं, शिकवलं, शहरात धाडलं. मोखाड्याकडे पोशेऱ्याच्या शाळेत होते तेव्हा आजूबाजूच्या दारूच्या भट्ट्या त्यांनी स्वतः उभं राहून मोडल्या होत्या, त्यापायी मारही खाल्ला होता. चौकशीची बातमी आली तेव्हा ठाण्याला कामाला जाणारा गावातला कोणीतरी बोलला, "अरे, पीके चला रहा था, इसलिए निकाला." मग गुरुजींनी कंपनीचं पत्र मागून घेतलं आणि निर्णयक्षमतेचं ते वाक्य वाचलं. छापलेलं होतं, सही-शिक्का होता. त्या दिवसापासून दोन वर्षं ते भावाशी एक शब्द बोलले नव्हते. एकाच घरात राहत होते, आणि सरांचं ताट वेगळं, मागच्या पडवीत.

"तुम्ही सांगितलं नाहीत?" मी म्हटलं.

"त्यानं विचारलं नाही."

"सर, अहो, तुमचा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच. त्यानं विचारायला पाहिजे होतं." मग राखेत पाय घोळवत म्हणाले, "मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गावात दारुड्या झालो, बाय. चालेल. पण त्याच्या डोळ्यांत नको."

मला तिथेच बोलून टाकायचं होतं. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मला..."

"माहीत आहे मला. तुझ्या रुमालाला निलगिरीचा वास होता. मी तुला घरी पाठवायला हवं होतं. पोर आजारी आहे तुझी, म्हटलं जाऊ दे. चूक माझी पण आहे. तो विषय काढायचा नाही." आणि ते घराकडे चालू लागले. मी मागून गेले. या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तीन माणसांसमोर तो माझ्यासाठी गप्प बसला होता!

गुरुजी ओटीवर खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, कडक इस्त्री. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, पाणी आणलं. सर खालीच, पायरीवर बसले. मी सांगितलं. उड्डाणाच्या आधी रोज तपासणी होते, त्या दिवशी उतरल्यावरही झाली, शून्य आली, मी शेजारी उभी होते. ते प्यायले नव्हते. ते कधीच पीत नाहीत.

गुरुजींनी नीट ऐकून घेतलं. भावाकडे पाहिलंच नाही. मग मला म्हणाले, "मॅडम, मग ते वाक्य का लिहिलं?"

"त्यांना वास आला होता. इंजिनिअरना दोष सापडला नाही. म्हणून."

"तुम्ही शेजारी होता. तुम्हाला आला का?"

तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

"दादा, तिला नको विचारू," पायरीवरून सर घाईघाईनं म्हणाले.

गुरुजी माझ्याकडेच बघत राहिले. एखादा मुलगा फळ्यासमोर उभा आहे आणि उत्तर येईपर्यंत त्याला जागेवर बसवायचं नाही, असं ते बघणं होतं. 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. सरांनी मागितलं होतं तेवढं देऊन झालंच होतं, आणि कंपनीत कोणाला काही कळणार नव्हतं.

"मला सर्दी होती, गुरुजी," मी म्हटलं. "नाक गच्च होतं. मला कसलाच वास येत नव्हता. अशा वेळी विमान चालवायचं नसतं, मी लपवून चालवलं. आणि चौकशीत सर्दीचं सांगितलं नाही. नुसतं 'वास आला नाही' असं सांगितलं."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंजे याला वास आलता, आन् तुला त्या दिशी नाकच नव्हतं."

"हो."

"आन् नाक नसलेलीचं आयकलं त्यांनी."

"हो वहिनी."

"अगं बया!" त्या एवढंच म्हणाल्या.

गुरुजी उठून आत गेले. मला वाटलं, झालं, आता मला हाकलणार. मला तेच बरं वाटलं असतं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात आखीव कागद होते आणि पेन. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

"लिहा. आत्ता मला सांगितलंत तेच. त्या तिघांच्या नावे. रजिस्टरनं पाठवायचं."

"दादा, अरे, तिचं लायसन्स जाईल!" सर उभे राहिले.  "नवीन कॅप्टन झाली आहे ती, घरी लहान पोर आहे. मला काय करायचंय आता त्या कागदाचं? मला उडायचं नाही!"

गुरुजी वळले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू गप बस," ते म्हणाले. "ते विमान अजून उडत असेल."

सर मटकन पायरीवर बसले आणि त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. साठीचा माणूस, खांदे गदगदा हलत होते. माझ्या मनात आलं होतं की हे सगळं सरांच्या अब्रूचं आहे, माझ्या पापाचं आहे. ते विमान, त्यात दुपारची झोपणारी माणसं, त्यांचा विचार गुरुजींनी केला. मी दोन वर्षांत एकदाही केला नव्हता.

मी लिहिलं. दीड पान झालं.  गुरुजींनी ते उभ्यानं, मोठ्यानं वाचलं. 'वास आला नाही, कारण मला सर्दी होती' या ओळीशी ते थांबले, ती पुन्हा वाचली, आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसला. कागदाची नीट तीन घड्यांची घडी करून माझ्या हातात दिली आणि आत गेले. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. मग हाक आली.

"धाकल्या, चल. पान घेतलंय."

सर पटकन उठले नाहीत. त्यांनी आधी पोटऱ्यांवरची राख झटकली, चपला काढल्या, माठातलं पाणी घेऊन हात धुतले, मग पुन्हा धुतले. आणि आत गेले.  

वहिनी मला म्हणाल्या, "तू पण बस ना गं जेवायला."

"नको वहिनी," मी म्हटलं. "जव्हारचं पोस्ट बंद होईल."